एक नमस्कार आणि देहाची ओळख
(परिचर्या महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेस बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसमोर, संघाच्या औंध येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या संघाच्या चिटणिसांनी मला निमंत्रणाचे पत्र धाडले, त्यात विषय दिला होता तो असा : ‘परिचर्येच्या प्रवेशपरीक्षेसाठी शरीररचना व शरीरक्रिया यांची मूलतत्त्वे’. वेळ दिला होता पाऊण तास. ज्या विषयाच्या अध्यापनात माझ्या आयुष्याची तीस वर्षे गेली तो विषय पाऊण तासात सांगणे म्हणजे यमाईचा डोंगर एका दमात चढण्यासारखे आहे. परंतु दम लागणे हा आजच्या विषयाचाच एक भाग असल्यामुळे तो प्रयत्न करून पाहण्यास हरकत नाही.

राज्याच्या बी.एस्‌सी. नर्सिंग प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्राच्या जोडीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येची अभिरुची हेही भाग असतात. तरीसुद्धा आपली मुले अडतात ती बहुधा जीवशास्त्रापाशी, आणि तेही मानवी देहाच्या प्रकरणांपाशी. याचे कारण ती अभ्यास करीत नाहीत हे नव्हे. ती फार पाठ करतात, हे आहे. हाडे दोनशे सहा, बरगड्यांच्या जोड्या बारा, मज्जारज्जूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या एकतीस, असे आकडे ती पाढ्यांसारखे घोकतात. प्रश्न किंचित फिरवून आला की पाढा तुटतो. म्हणून आज मी तुम्हांस नवा पाढा देणार नाही. पुस्तक मिटून ज्या देहात आपण अहोरात्र राहतो तो कसा वाचावा, एवढेच दाखविणार आहे.

आणि हे दाखविण्यास औंधाइतके योग्य स्थळ दुसरे नाही. या संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, तो आपल्या शाळांतून मुलामुलींना नेमाने घालावयास लावला आणि त्यावर ग्रंथ लिहिले, हे येथील जुन्या घरांना सांगण्याची गरज नाही. लंडनच्या पत्रकार लुईस मॉर्गन यांनी बाळासाहेबांच्या नमस्कारावरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली वाचकांपुढे ठेवले, तेव्हा त्याच्या नावातच ‘दहा’ हा आकडा होता. कारण औंधाचा नमस्कार दहा स्थितींचा, आणि आज अनेक ठिकाणी घातला जातो तो बारांचा. नमस्काराने सर्व व्याधी दूर होतात असे मी म्हणणार नाही. परिचारिकेला तसे म्हणण्याचा अधिकार नाही. पण नमस्कार हा शरीरशास्त्राचा उत्तम फळा आहे, हे मी खात्रीने सांगते. एकच नमस्कार आपण सावकाश घालू आणि काय काय दिसते ते पाहू.

प्रथम सरळ उभे राहा. हात जोडा. तुम्ही पडत नाही, याचे श्रेय पाठीच्या कण्याला आहे. मुलाच्या कण्यात ३३ मणके असतात : मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५, त्याखाली ५ आणि शेवटी माकडहाडाचे ४. वय वाढते तसे खालचे पाच जुळून एक हाड होते, शेवटचे चारही जुळून एक होते; म्हणून प्रौढ माणसाच्या कण्यात हाडे मोजली तर २६ भरतात. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. विचारले कोणाचे, हे वाचून उत्तर द्यावे. आता मान होकारार्थी हलवा. ते काम मुख्यतः कवटी आणि पहिला मणका यांमधील सांध्याचे. नकारार्थी हलवा, ते पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमधील सांध्याचे. इंग्रजी पुस्तकांत त्या मणक्यांना ॲटलास आणि ॲक्सिस म्हणतात. मानेने ‘होय’ आणि ‘नाही’ म्हणून पाहिलेत की ती नावे पुन्हा विसरावयाची नाहीत.

हाडांची एकूण संख्या २०६ असे आपण म्हणतो. चरकसंहितेत ती ३६० दिली आहे आणि सुश्रुतसंहितेत ३००. यावरून आपले पूर्वज चुकले असे कोणी म्हणतात, तर आजचे डॉक्टर चुकले असेही कोणी म्हणतात. खरे पाहता मोजणीचा नियम निराळा होता. दात, नखे, कूर्चा यांचीही गणना त्यांत झाली होती. अर्भकाच्या देहात हाडे प्रौढाहून पुष्कळ अधिक असतात, तीही पुढे जुळत जातात. तात्पर्य, आकड्यामागे नेहमी एक प्रश्न उभा असतो : काय मोजले? हा प्रश्न विचारण्याची सवय ज्या विद्यार्थ्याला लागली त्याला परीक्षेची भीती उरत नाही.

आता कमरेत वाकून हात जमिनीला टेकवा. मांडीच्या मागच्या बाजूला ताण बसतो. ते स्नायू ताणले जात आहेत. स्नायूविषयी एकच वाक्य ध्यानात ठेवा : स्नायू ओढतो, तो कधी ढकलत नाही. कोपर वाकविणारा बायसेप्स दंडाच्या पुढे आणि कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स मागे. एक आखडतो तेव्हा दुसरा सैल होतो. साष्टांग स्थितीत जाताना हात थरथरतात, ते देहाचा भार हळूहळू खाली सोडताना ट्रायसेप्सला पडणारे श्रम होत. स्नायूला हाडाशी बांधते ती कंडरा, आणि हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध. या दोहोंची अदलाबदल करून विचारलेला प्रश्न मी असंख्य उत्तरपत्रिकांत चुकलेला पाहिला आहे.

त्याच ठिकाणी, नितंबातून मांडीच्या मागे, देहातील सर्वांत जाड मज्जातंतू उतरतो. त्याला सायाटिक म्हणतात. तुम्ही परिचारिका व्हाल तेव्हा कमरेत सुई देण्याचे काम तुमच्याकडे येईल. नितंबाचे मनाने चार भाग करावे आणि वरच्या, बाहेरच्या भागातच सुई द्यावी, असे तेथे शिकवितात. का? तर आतल्या खालच्या बाजूने हा मज्जातंतू जातो, आणि त्याला सुई लागली तर धडधाकट माणसाचा पाय लुळा पडू शकतो. शरीररचना हा केवळ गुणांचा विषय नाही. ती न शिकलेल्या हाताखाली दुसऱ्याचा पाय असतो.

आता छाती पुढे काढून मान वर करा, जिला भुजंगासन म्हणतात ती स्थिती. श्वास आपोआप आत जातो. येथे बहुतेकांची समजूत उलटी असते. हवा आत शिरते म्हणून छाती फुगते असे वाटते. वस्तुतः छाती फुगते म्हणून हवा आत शिरते. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायू आहे, त्याला श्वासपटल अथवा डायफ्रॅम म्हणतात. तो आखडला की सपाट होऊन खाली सरकतो, बरगड्या वर व बाहेर उचलल्या जातात, आतली जागा वाढते, दाब कमी होतो आणि हवा आत ओढली जाते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील दाब आणि आकारमान यांचा नियम तो हाच. जो विषय तुम्ही वेगळ्या वहीत लिहिता तो तुमच्या छातीत दर मिनिटाला १२ ते २० वेळा घडत असतो.

आत घेतलेल्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, बाहेर टाकलेल्या हवेत सुमारे १६ टक्के. म्हणजे उच्छ्वासातही पुष्कळ प्राणवायू शिल्लक राहतो. म्हणूनच बुडालेल्या माणसाच्या तोंडात फुंकलेला श्वास त्याला उपयोगी पडतो. आणखी एक गोष्ट. दहा नमस्कार घातल्यावर धाप लागते ती मुख्यतः प्राणवायू संपला म्हणून नव्हे. स्नायूंच्या श्रमाने रक्तात कर्बवायू वाढू लागतो, मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र ती वाढ ओळखते आणि श्वास जलद करते. देहाला उणिवेपेक्षा साचलेल्या केराची खबर आधी लागते, असे म्हणा ना.

येथे मला माझ्या एका चुकीची कबुली दिली पाहिजे. मी पहिल्या वर्षाला होते. रात्रपाळी होती. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष माझा होता. रुग्णाच्या खाटेशी जो तक्ता टांगलेला असतो त्यात ताप, नाडी व श्वास यांचे आकडे लिहावयाचे असतात. ताप मी तापमापकाने पाहिला, नाडी घड्याळ लावून मोजली, आणि श्वासाच्या रकान्यात न मोजताच २० लिहिले. सगळ्याच जणी २० लिहीत असत. पहाटे वरिष्ठ सिस्टर फेरीस आल्या. त्या म्हातारबाबांच्या खाटेशी पूर्ण एक मिनिट, काही न बोलता, त्यांच्या छातीकडे पाहत उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘चौतीस आहेत. आता लिही.’’ बाबांना न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर आले, उपचार झाले, ते वाचले. परंतु मी श्वसनसंस्थेच्या पेपरात वर्गात पहिली आले होते, आणि श्वास मोजला नव्हता! फुप्फुस बिघडू लागले की ताप चढण्याआधीही श्वासाची गती वाढू शकते, हे मला पाठ होते. पाठ असणे आणि ठाऊक असणे यांतील अंतर त्या पहाटे मला कळले. ते तुम्हांस एवढ्या किमतीने कळू नये, म्हणून मी आज येथे आले आहे.

नमस्कार पुरा झाला. आता उभे राहा आणि मनगटावर तीन बोटे ठेवा. नाडी जलद लागते. विश्रांतीत प्रौढाची नाडी मिनिटास साधारण ६० ते १०० असते. हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. ७२ ठोक्यांचा गुणाकार करून पाहा : मिनिटास पाच लिटर. प्रौढ देहात एकूण रक्तही सुमारे पाच लिटरच. म्हणजे मिनिटागणिक आपले सारे रक्त एक फेरी पुरी करते. हृदयाला चार कप्पे : वरची दोन अलिंदे, खालची दोन निलये. उजवे निलय रक्त फक्त फुप्फुसांपर्यंत पोहोचविते, डावे निलय ते डोक्यापासून तळपायापर्यंत पाठविते. म्हणून डाव्याची भिंत जाड. रोहिणी शुद्ध रक्त वाहते आणि नीला अशुद्ध, असे शाळेत शिकलेले वाक्य मात्र येथे फसविते. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला, अशी व्याख्या करा. मग फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी प्राणवायू कमी झालेले रक्त का वाहते, हा प्रवेशपरीक्षेचा आवडता प्रश्न तुम्हांस अडविणार नाही.

वाकून एकदम उभे राहिलात तर क्षणभर भोवळ येते, हे तुमच्यापैकी काहींनी अनुभवले असेल. उभे राहताच रक्त पायांकडे उतरते. मानेतील व छातीतील मोठ्या रोहिण्यांत दाब ओळखणारी केंद्रे आहेत, ती हृदयाला जलद चालावयास आणि रक्तवाहिन्यांना आकसावयास लावतात, आणि भोवळ जाते. बरेच दिवस अंथरुणावर पडलेल्या माणसाची ही व्यवस्था मंदावते. म्हणून चांगली परिचारिका रुग्णाला एकदम उभे करीत नाही. आधी खाटेच्या कडेला बसविते, पाय खाली सोडावयास सांगते, थोडा वेळ थांबते, मगच हात देते. पाहणाऱ्याला ती माया वाटते. ती मायाही आहे आणि शरीरक्रियाशास्त्रही आहे.

रक्ताविषयी एक गोष्ट आपल्या मुंबईची. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध १९०१ साली प्रसिद्ध केला. पुढे १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना असे रक्त आढळले की जे साध्या तपासणीत ‘ओ’ गटाचे वाटे, परंतु ‘ओ’ गटाच्या रक्ताशीही जुळत नसे. जगभर त्याला आज ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतात. अशा माणसाला त्याच गटाच्या माणसाचे रक्त लागते. ‘ओ’ गटाचे दिल्यास प्राणावर बेतते. ‘ओ’ गट सर्वांना चालतो आणि ‘ओ’ माणसाला ‘ओ’ चालतोच, असे डोळे झाकून मानणाऱ्यांना हा धडा आहे. आणि आपण येथे एका ज्ञातीच्या मेळाव्यात जमलो आहो म्हणून हेही सांगते, की रक्तपेढीच्या बाटलीवर गट लिहिलेला असतो, ज्ञाती लिहिलेली नसते. आपल्या संघाने आपल्या मुलांना पुढे आणावे, ते अवश्य आणावे. परंतु ज्या सेवेसाठी त्यांना पुढे आणावयाचे ती सर्वांची असते.

नमस्काराने घाम आला. त्वचा हा देहातील सर्वांत मोठा अवयव. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो आणि देहाचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइटच्या, आसपास राहते. घामावाटे पाणी गेले, तर मूत्रपिंडे ते सावरतात. दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून लघवी होते अवघी दीड लिटर. उरलेले सारे देह परत घेतो. इतका काटकसरी कारभारी कोणत्या संस्थानाला लाभला असेल? याच कारणाने शस्त्रक्रियेनंतर परिचारिका रुग्ण किती पाणी प्याला आणि किती लघवी झाली, हे तासागणिक लिहीत असते. लघवी घटली, तर आत रक्तस्राव होत असेल, दाब उतरत असेल, ही पहिली सूचना अनेकदा त्या रकान्यातून मिळते.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या ध्यानात आले असेल की एका नमस्कारात हाडे, स्नायू, फुप्फुसे, हृदय, रक्त, मज्जातंतू, त्वचा आणि मूत्रपिंडे सर्व आली. पुस्तकात ती निरनिराळ्या प्रकरणांत असतात. देहात ती एकाच वेळी काम करीत असतात. म्हणून प्रत्येक अवयवाचा अभ्यास करताना वहीत तीन ओळी लिहा. तो कोठे आहे? तो काय करतो? तो थांबला तर आणखी काय काय थांबेल? तिसरी ओळ स्वतःच्या शब्दांत लिहिता आली की प्रकरण झाले असे समजावे. परीक्षेचे प्रश्न इंग्रजीत असले तर आधी मराठीत समजून घ्या, मग इंग्रजी नाव शिका. नाव म्हणजे खुंटी; अडकविण्यास वस्त्रच नसेल तर खुंटी काय कामाची? यकृत, स्वादुपिंड, जठर, आतडी यांचा अभ्यास जेवणानंतर करा, आणि खाल्लेला भाकरीचा घास कोठे कोठे गेला त्याची वाट काढा.

आता दोन शब्द पालकांसाठी. माझ्या लहानपणी आमच्या घरी ‘नर्स’ हा शब्द आवाज खाली आणून उच्चारीत. मुलीने परक्याच्या देहाला हात लावावा, रात्री घराबाहेर राहावे, हे मानवत नसे. वास्तविक या भागाला हे काम नवे नव्हते. आपल्या सांगली जिल्ह्यातील मिरजेस डॉ. वॉन्लेस यांचे इस्पितळ १८९४ साली उभे राहिले आणि तेथे परिचर्येचे शिक्षण सुरू झाले. पुण्यास १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने आपल्या मुलींना व विधवांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयाची वाट मोकळी केली. त्या स्त्रियांनी लोकनिंदा सोसली, म्हणून आमच्या पिढीला दार उघडे मिळाले. आज तो शब्द कोणी हळू उच्चारीत नाही. परंतु एक अडचण अजूनही शिल्लक आहे, आणि ती मी स्पष्ट सांगते. मुलीला परीक्षेला बसू देतो असे आपण म्हणतो, आणि पहाटे साडेपाचला तिच्या हाती केरसुणी देतो, सायंकाळी धाकटी भावंडे देतो. रात्री दहाला डोळे मिटत असताना ती मूत्रपिंडाची आकृती काढते. एका वर्षी गुण कमी पडले की ‘पाहिले ना, नाही जमत’ असे म्हणून स्थळे पाहू लागतो. तिला जमत नाही असे नाही, बंधूंनो. तिला वेळ मिळाला नाही.

माझे मागणे थोडे आहे. परीक्षेपूर्वीचे सहा महिने रोज सकाळचे दोन तास तिचे असावेत. त्या वेळी तिला कोणी हाक मारू नये. मुलांनाही या व्यवसायाकडे पाठवा. सेवेला स्त्री-पुरुष हा भेद नाही, आणि जड रुग्णाला कूस बदलून देण्यास बळकट दंड लागतात. आणि संघाला विनंती ही, की पुढच्या वर्षीच्या सत्काराच्या हारांतून थोडी बचत करून शरीररचनेची चांगली पुस्तके व हाडांच्या सापळ्याची एक प्रतिकृती घ्यावी, आणि ती आळीपाळीने औंधापासून आटपाडी-कुंडलपर्यंत आपल्या मुलांना हाताळावयास द्यावी. जी हाडे मुलीने हातात धरून पाहिली ती तिला घोकावी लागत नाहीत.

बाळांनो, उद्या सकाळी उठून एक नमस्कार घाला. घाई करू नका. मग घड्याळ समोर ठेवून, शेजारी निजलेल्या आजोबांचा किंवा धाकट्या भावाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा आणि वहीत लिहा. अंदाजाने लिहू नका, मोजून लिहा. लहान मुलाचा श्वास मोठ्यापेक्षा जलद का, हे मग पुस्तकात शोधा. ज्या दिवशी तुम्ही तो आकडा खरा लिहिलात, त्या दिवसापासून तुमची परिचर्या सुरू झाली असे मी मानीन. प्रवेशपत्र त्यानंतर हाती येईल.